दर शनिवारी नवे भाचे : ज्येष्ठांच्या गृहसंकुलातील एका सदनिकेचे प्रकरण

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे महामार्गापासून थोडे आत असलेल्या एका ज्येष्ठ नागरिक गृहसंकुलातील हे प्रकरण आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून संस्थेचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. ज्येष्ठांसाठी म्हणून विकलेल्या घराचे सुट्टीच्या मुक्कामासाठी दिवसागणिक भाड्याचे घर कसे होते, त्यात नेमके कोणाचे काय बिघडते आणि संस्थेच्या हाती खरोखर कोणते उपाय असतात, हे या एका सदनिकेच्या निमित्ताने तपासता येते.

संकुलातील सदनिका विकताना बांधकाम व्यावसायिकाने खरेदीदाराचे वय ५५ वर्षांहून अधिक असावे अशी अट घातली होती आणि जन्मतारखेचा पुरावा घेऊनच करार केले होते. व्हरांड्यांत दोन्ही बाजूंना कठडे, न्हाणीघरात धरायच्या दांड्या आणि भिंतीतून लोंबणारी लाल दोरी, तळमजल्यावर कमी तिखट-मिठाचे भोजनगृह, रात्रपाळीची परिचारिका आणि रुग्णवाहिकेचा वार्षिक करार अशी रचना होती. या सेवांचे शुल्क माणशी नव्हते, सदनिकेमागे ठरावीक होते. घरात एकटी आजी असो की जोडपे, महिन्याची रक्कम तीच. पुढे जे घडले त्यात या एका तपशिलाला मोठे महत्त्व आले, कारण सेवा किती वापरली जाईल याचा अंदाज बांधूनच ही रक्कम ठरलेली होती आणि त्या अंदाजात विहिरीवर पोहायला जाऊन आलेली आठ तरुण मंडळी धरलेली नव्हती.

ताबा दिल्यानंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. नोंदणीच्या वेळी शासनाचे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम, जसे छापलेले होते तसेच स्वीकारले गेले. नाव, पत्ता आणि क्षेत्र एवढेच भरले. वयाची अट खरेदीच्या करारात राहिली, तीही खरेदीदाराच्या वयापुरती. त्या घरात प्रत्यक्ष कोण राहील याविषयी करारात ‘केवळ निवासी वापर’ एवढेच शब्द होते. माहितीपत्रकात मात्र ‘फक्त ज्येष्ठांसाठी’ असे ठळक छापलेले होते आणि बहुतेक सभासदांचा असा समज होता की आपण जे माहितीपत्रकात वाचले तेच आपल्या दस्तात आहे. या प्रकरणाची मुळे इथे आहेत असे माझे मत आहे. पाहुण्यांचा गोंगाट पुढे आला. दस्तातले रिकामे ठिकाण पहिल्या दिवसापासून होते.

ज्या सदनिकेबद्दल बोलायचे आहे तिच्या मूळ सभासद निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या निधनानंतर नामनिर्देशनानुसार त्यांच्या मुलाला तात्पुरता सभासद करून घेतले गेले. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १५४ब-१३ मध्ये अशी सोय आहे. वारसांचा हक्क ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीने सभासद म्हणून राहायचे, असा तिचा अर्थ. मुलगा चाळिशीतला, नोकरीनिमित्त अमेरिकेत. घर वर्षभर बंद राहिले, पण मेंटेनन्स आणि सेवाशुल्क चालूच होते, आणि साध्या सोसायटीच्या तुलनेत ही रक्कम बरीच जड असते. त्याने घर विकायचा प्रयत्न केला, तेव्हा दोन अडचणी आल्या. घेणारा ५५ वर्षांवरचाच हवा, आणि अशा वयाचे जे घेणारे होते त्यांना शेजारच्या नव्या टप्प्यातली कोरी सदनिका हवी होती. आलेले प्रस्ताव आईने मोजलेल्या किमतीच्याही खाली होते.

अखेर लोणावळ्याच्या एका एजंटाने त्याला मार्ग दाखवला आणि सदनिका मुक्कामाच्या ॲपवर गेली. जाहिरातीत डोंगराचे दृश्य, कार्ला लेणी आणि पवना धरणाचे अंतर, लिफ्ट हे सगळे होतेच. शिवाय ‘घरगुती जेवणाची सोय’ आणि ‘रात्री परिचारिका उपलब्ध’ या दोन ओळीही होत्या. म्हणजे शंभरेक वृद्धांनी वर्गणी काढून उभी केलेली व्यवस्था सुविधा म्हणून विकली जात होती, आणि ती विकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. मालकाची बाजू येथे नोंदवायला हवी. त्याने संस्थेला लिहिलेल्या पहिल्या उत्तरात म्हटले होते की, तो सेवाशुल्क पूर्ण भरतो, त्या सेवा त्याच्या आईच्या मागे कोणीच वापरत नाही, तेव्हा त्याच्या घरी येणाऱ्याने वापरल्या तर संस्थेचे नुकसान कसे? हा प्रश्न वरवर बिनतोड दिसतो आणि संचालक मंडळाला त्याचे उत्तर सापडायला वेळ लागला.

पावसाळा सुरू झाला तशी ये-जा वाढली. फाटकावरच्या नोंदवहीत ‘कोणाकडे’ आणि ‘नाते’ असे दोन रकाने होते. एजंटाने प्रत्येक गटाला सांगून ठेवले होते की नाते विचारले तर भाचा म्हणायचे. चौकीदाराने संस्थेच्या सचिवांना सांगितले, “साहेब, त्या घरात दर शनिवारी नवेच भाचे येतात, आणि एकालाही मावशीचं नाव सांगता येत नाही.” जिन्याच्या ग्रिलला आकडे जुळवून उघडणारी चावीची छोटी पेटी लटकवलेली होती, आलेली मंडळी ती उघडत, चावी घेत आणि रविवारी संध्याकाळी परत ठेवत. मालक किंवा एजंट यांपैकी कोणीही कधी फाटकावर आलेला नव्हता. सचिवांनी शहाणपणाची एकच गोष्ट केली ती ही की, त्यांनी कोणाशी भांडण न करता नोंदवही नीट भरायला लावली: गाडीचा क्रमांक, माणसे किती, येण्या-जाण्याची वेळ, आणि नात्याच्या रकान्यात समोरचा सांगेल ते शब्द जसेच्या तसे. पुढे सहकार न्यायालयात छायाचित्रांपेक्षा आणि तक्रारींच्या गठ्ठ्यापेक्षा हीच वही उपयोगी पडली.

आता त्या लाल दोरीकडे यावे लागते. न्हाणीघरातली ही दोरी ओढली की रात्रपाळीच्या परिचारिकेच्या टेबलावर घंटा वाजते आणि सदनिकेचा क्रमांक दिसतो. घरातल्या वृद्धांना ती काय आहे हे पक्के माहीत असते. शनिवारी आलेल्या लहान मुलाला ती दिव्याची दोरी वाटते. सुरुवातीला परिचारिका प्रत्येक वेळी दोन मजले चढून धावत गेली. नंतर तिने आधी इंटरकॉमवर फोन करायला सुरुवात केली, आणि घंटांचा तगादा वाढत गेला तसा हा तिचा सगळ्याच घरांसाठीचा क्रम झाला. एका रविवारी पहाटे त्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांनी पडल्यावर दोरी ओढली. ते फोन उचलू शकत नव्हते. फोन वाजत राहिला, परिचारिकेला वाटले झोपेत चुकून दोरी ओढली गेली असावी, आणि ती वर पोहोचली तेव्हा बराच वेळ गेला होता. खुब्याचे हाड मोडले होते. ते पुढे बरे झाले, काठी घेऊन चालू लागले. पण मालकाच्या प्रश्नाचे उत्तर त्या पहाटे मिळाले. आपत्कालीन सेवा किती वेळा वापरली यावरून तिचा खर्च मोजता येत नाही. ती खरी आहे असे धरून धावणारा माणूस त्या व्यवस्थेचा सगळ्यात महाग भाग असतो, आणि खोट्या हाकांनी आधी तोच निकामी होतो. परिचारिकेला दोष देण्याचा प्रयत्न सभेत झाला. तो अन्यायाचा होता, आणि तसे कार्यवृत्तात नोंदलेही आहे.

या घटनेनंतर संस्थेने तातडीने विशेष सर्वसाधारण सभा घेतली आणि सभेत भावनेच्या भरात जे उपाय सुचवले गेले त्यांतले बहुतेक कायद्यात बसणारे नव्हते. पाणी तोडावे, लिफ्टचे कार्ड बंद करावे, रात्रीला दहा हजार रुपये दंड लावावा असे ठराव मांडले गेले. अत्यावश्यक पुरवठा तोडणे संस्थेच्या अधिकारात नाही, आणि तसे केले असते तर पहिला खटला मालकाने भरला असता. दंडाचे म्हणावे तर आदर्श उपविधींत उपविधीभंगासाठी दंडाची तरतूद आहे, पण तिची मर्यादा आर्थिक वर्षाला ५,००० रुपये आहे. जुलैतल्या एका शनिवार-रविवारच्या भाड्यात ती सहज वसूल होते. बिनभोगवटा शुल्काची, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा संस्था जे घेते त्याचीही हीच गत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरलेली आहे. मर्यादा घालण्यामागचा हेतू योग्यच होता, कारण शहरांतल्या कितीतरी सोसायट्या भाड्याने दिलेल्या घरांवर मनमानी रकमा लावत होत्या. परंतु मूळ आदेशाच्या काळात रात्रीच्या हिशेबाने घर देण्याचा हा धंदा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे संस्थेने स्वतःच स्वतःचे पाय अडकवून घेतले होते. आधीच्या खजिनदारांनी, पैसा येतो आहे तर येऊ द्यावा अशा विचाराने, त्या सदनिकेकडून काही महिने ‘पाहुणे शुल्क’ घेऊन पावत्या दिल्या होत्या. मालकाच्या वकिलांनी त्या पावत्या पहिल्याच उत्तराला जोडल्या: संस्थेला सर्व माहीत होते, तिने पैसे घेतले, आता तक्रार करण्याचा तिला अधिकार नाही. अशा पावत्यांनी उपविधीभंग वैध होत नाही हे खरे. पण तातडीचा मनाई हुकूम मागताना ‘इतके दिवस गप्प का होता’ हा प्रश्न त्या पावत्या उभा करतात.

संस्थेच्या वकिलांनी जी मांडणी केली ती या प्रकरणातला सर्वांत कसदार भाग आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुक्कामाला येणारी मंडळी जर लायसन्सवर राहतात असे मालकाचे म्हणणे असेल, तर प्रत्येक शनिवारचा नोंदणीकृत करार कुठे आहे? आणि ती लायसन्सधारक नाहीत, लॉजवर उतरावे तशी उतरतात असे म्हणणे असेल, तर त्याच अधिनियमातील लायसन्सधारकाच्या व्याख्येतून हॉटेलातला पाहुणा वगळलेला आहे हे खरे, पण मग त्या घराचा वापर निवासी नाही हे मालकाने स्वतःच कबूल केले, आणि ‘केवळ निवासी वापर’ ही करारातली अट मोडली. तिसरी वाट पेइंग गेस्टची. तिथे व्याख्या अशी की, लायसन्स देणारा ज्या घरात स्वतः राहतो त्याच घराचा भाग दुसऱ्याला दिलेला हवा. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला मावळातल्या घरात पेइंग गेस्ट ठेवता येत नाही. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेतही मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे, त्यामुळे त्या योजनेत नोंदणी करून घेण्याचा मार्गही या मालकाला मोकळा नव्हता.

वकिलांनी सोबत इंग्लंडच्या अप्पर ट्रिब्युनलचा २०१६ चा एक निर्णय जोडला. खासगी निवासासाठीच वापरायच्या फ्लॅटमध्ये काही रात्रींपुरती माणसे ठेवली, तर त्या माणसांच्या राहण्याला निवास म्हणण्याइतके स्थैर्य नसते आणि अट मोडते, असा त्याचा आशय. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण ‘निवास’ म्हणजे किती रात्री याचा विचार एका न्यायपीठाने कसा केला हे दाखवायला त्याचा उपयोग होतो.

सहकार न्यायालयात सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली दावा दाखल झाला आणि अंतरिम मनाईचा अर्जही. युक्तिवादाच्या आधीच मालकाने तडजोडीची तयारी दाखवली, जाहिरात उतरवली आणि चावीची पेटी काढली. दाव्याचा निकाल लागला असता तर अधिक बरे झाले असते असे काही सभासदांना आजही वाटते. मला तसे वाटत नाही. या सदनिकेपुरता निकाल मिळाला असता, पण उपविधी कोरेच राहिले असते आणि पुढच्या वारसाशी पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागली असती.

खरी मेहनत उपविधींच्या दुरुस्तीत झाली. वयाचे बंधन घालणे संस्थेला मुळात शक्य आहे का, हा पहिला प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात उपविधी म्हणजे सभासदांनी आपसात केलेला करार असल्याचे सांगून, सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा नोंदणीकृत उपविधी टिकवला होता. समाजाचे बंधन टिकते तर वयाचे, तेही ज्या वयासाठी इमारतच बांधली त्या वयाचे, टिकायला अडचण दिसत नाही. मात्र वारसाला मालकीपासून तोडता येत नाही, तोडूही नये. त्यामुळे दुरुस्तीचा रोख मालकीवर न ठेवता भोगवट्यावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष कोण राहते यावर ठेवायचा, असे ठरले.

पहिला मसुदा फसला. त्यात ‘५५ वर्षांखालील कोणीही व्यक्ती सात दिवसांहून अधिक राहणार नाही’ असे एक सरसकट वाक्य होते. सभेत पहिल्या रांगेतल्या आजी उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “अहो, माझी नात मे महिनाभर माझ्याकडे असते. फाटकावर तिचं वय विचारणार का तुम्ही?” पाठोपाठ कोणाची लेक दोन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियाहून येणारी निघाली, कोणाकडे रात्रंदिवस राहणारी केअरटेकर मुलगी अवघी तेवीस वर्षांची निघाली. ज्येष्ठांच्या घरात तरुण माणसाचे असणे ही तक्रार कधीच नव्हती. उलट बहुतेकांची तक्रार तरुण माणसे पुरेशी येत नाहीत ही होती. मग बंद काय करायचे आहे? पैसे घेऊन राहणे, असे उत्तर चटकन सुचते, पण पैसे घेतले हे सिद्ध करणे कठीण, कारण भाचा पैसे दिल्याचे कधीच सांगणार नाही. बराच खल होऊन कसोटी बदलली: पाहुणा आला तेव्हा यजमान घरात आहे का? ज्या घरात राहणारा ज्येष्ठ सभासद किंवा ज्येष्ठ भाडेकरू हजर आहे, तिथे कोण किती दिवस राहतो हे संस्था विचारणार नाही. तो हजर नसताना रात्री राहायचे असेल तर आदर्श उपविधीतील ‘कुटुंब’ या व्याख्येत बसणाऱ्या आणि सभासदाने आधी लेखी कळवलेल्या व्यक्तींनाच राहता येईल. त्या व्याख्येत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण, नातवंडे आहेत. भाचे नाहीत, याची सभेत हशा पिकवून नोंद झाली.

मोबदला घेऊन घर देण्यासाठी किमान अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, राहणाऱ्यांपैकी एकाचे वय ५५ हून अधिक, आणि परिचारिकेकडे आरोग्याची प्राथमिक माहिती देण्याची अट घातली गेली. दुरुस्ती उपस्थित सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर झाली आणि त्याच अधिनियमाच्या कलम १३ खाली सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे गेली. तिथून एका शंकेसह परत आली, खुलासा दिल्यावर नोंदली गेली. नोंदणी होईपर्यंत अशी दुरुस्ती लागू होत नाही, हे अनेक संस्था विसरतात आणि सभेच्या दुसऱ्याच दिवसापासून नोटिसा काढू लागतात.

मालकाच्या मूळ अडचणीचे काय, हा विषय संचालक मंडळाने टाळला नाही, ही या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. बंद घराचा बोजा वारसाच्या डोक्यावर ठेवून त्याने कायदा पाळावा अशी अपेक्षा करणे सोपे आहे. संस्थेने राहायला येऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईत घर असलेले, पण विकत घेण्याआधी वर्षभर राहून पाहू इच्छिणारे बरेच लोक निघाले. बंद सदनिकेच्या सेवाशुल्कातला भोजनगृहाचा भाग माफ करण्याचा ठरावही झाला, परिचारिका आणि रुग्णवाहिकेचा भाग कायम ठेवून. शिक्षिकाबाईंच्या त्या सदनिकेत आता नाशिकहून आलेले एक निवृत्त दांपत्य नोंदणीकृत करारावर राहते. मालकाला मिळणारे भाडे ॲपवरच्या हंगामी कमाईपेक्षा कमी आहे, पण वर्षभर आहे.

या सगळ्यात शासनाच्या नियमांचा आधार किती मिळाला? फारसा नाही. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यात विकासक, सेवा पुरवठादार व घर घेणारा यांच्यात त्रिपक्षीय कराराची सूचना केली. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान भौतिक निकष ठरवून ते विक्रीकरारात घालायला लावले. दाराची रुंदी, लिफ्टमधली ध्वनी आणि दृश्य सूचना, उताराचे प्रमाण, न घसरणारी फरशी, आपत्कालीन घंटा असे ते निकष आहेत आणि ते हवेच होते. पण त्यांचा भर इमारत कशी असावी यावर आहे. ताबा दिल्यानंतर दहा वर्षांनी त्या रुंद दारातून कोण आत येते, हे ठरवण्याचे काम उपविधींवरच येऊन पडते, आणि म्हणून नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याने विक्रीकरारासोबत प्रस्तावित उपविधींचा मसुदा मागून वाचला पाहिजे.

एक बाब अजून मिटलेली नाही. संकुलाच्या नव्या टप्प्यातल्या न विकलेल्या सदनिका बांधकाम व्यावसायिकाच्याच ताब्यात आहेत आणि तो त्या ‘अनुभव मुक्काम’ या नावाखाली दोन-तीन रात्रींसाठी पैसे घेऊन देतो. येणारे सगळेच घर पाहायला आलेले ज्येष्ठ असतात असे नाही. तो टप्पा अद्याप संस्थेत सामील झालेला नसल्याने दुरुस्त उपविधी त्याच्यावर थेट चालत नाहीत, मात्र भोजनगृह, फाटक आणि रात्रपाळीची परिचारिका दोन्ही टप्प्यांना एकच आहे. संस्थेने त्याला लेखी कळवून, प्रत्येक मुक्कामाला स्वतंत्र सेवाशुल्क आणि त्या सदनिकांतल्या घंटांसाठी वेगळा माणूस मागितला आहे. त्याने पहिली मागणी मान्य केली असून दुसरीवर उत्तर दिलेले नाही. महारेराकडे तक्रार करायची की नाही, यावर पुढच्या सभेत मतदान आहे आणि त्यासाठी पहिल्या टप्प्यातल्या सभासदांकडून विक्रीकराराच्या व माहितीपत्रकाच्या प्रती गोळा करणे सुरू आहे.